जुनं डांबर किती धरायचं?

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून हॉटमिक्स प्लांटच्या पॅनेलवर माझ्या जागी एक पोरगा बसतो. ट्रकमध्ये पडणाऱ्या मालाची चकाकी बघून डांबर कमी की जास्त हे मी रिपोर्टाआधी सांगायचो. त्याची घमेंड होती, अजूनही आहे. परवा पोरगा म्हणाला, "काका, जुन्या रस्त्याच्या उकरलेल्या मालात साडेचार टक्के डांबर निघालंय. नव्यातून तेवढं वजा करू?"

घोडं अडतं ते इथेच. प्रयोगशाळेत द्रावणाने धुतलं की खडीवरचं सगळं डांबर सुटतं. प्लांटच्या ड्रममध्ये सुटत नाही. उन्हावाऱ्याने कडक झालेलं जुनं डांबर शिळ्या भाकरीसारखं असतं, वरणात बुडवली तर कड मऊ होते, गाभा तसाच राहतो. सगळं वितळलं म्हणून धरलं, तर रस्ता कोरडा पडून खडी सुटते. काहीच वितळलं नाही म्हणून नवं पुरतं ओतलं, तर एप्रिल-मेच्या उन्हात डांबर वर येतं, चाकोऱ्या पडतात. डोळ्यालाही इथे विचारून उपयोग नाही: जुना दगड मुळातच काळा, त्यावर नवं डांबर बसलं नाही तरी तो काळाच दिसतो. हे पोराला सांगताना मला जड गेलं.

जुन्या मालाला थेट ज्योत दाखवली की डांबर जळून निळा धूर निघतो. म्हणून नवी खडी जादा तापवायची आणि तिच्या आचेवर जुना माल आणायचा. त्यात ओल असली की संपलं. एक टक्का ओल म्हणजे टनामागे १० लिटर पाणी. आच आधी ते पाणी खातं, डांबराच्या वाट्याला उरेल ते.

उमरगा, बसवकल्याण, हुमनाबाद या पुणे-हैदराबाद हायवेच्या पट्ट्यात आमच्याकडचे बरेच गुत्तेदार गावातल्या रस्त्यावर थरावर थर चढवतात, घरांचे उंबरे खाली जातात, पावसाचं पाणी आत शिरतं. रस्ता उकरलाच तर तो माल साइडपट्टीच्या भरावात जातो. फोडलेली खडी आणि विकत घेतलेलं डांबर असं मातीत घालणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत जुना माल वापरण्याचं काम फोफावलं. आपल्याकडे त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२० हे मार्गदर्शन २०१५ मध्ये आलं.

पोराला मी आकडा दिला नाही. "सगळं वजा करू नको. जुना माल थोडाच घे, मार्शल चाचणीचे नमुने ठोक, पोकळी मोज, मग वाढव," एवढंच सांगितलं.

गुत्तेदारांना मात्र एक मागणं आहे. मृग लागायच्या आत उकरलेल्या मालाच्या ढिगावर पत्र्याचं शेड घाला. भिजलेल्या मालातून चांगला रस्ता कुणालाच काढता येणार नाही.