आचारी आणि आचार्य

नोकरी करता करता पीएचडीला प्रवेश घ्यायचा तर ऑफिसकडून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात काय लिहिलेलं हवं तेही यूजीसीच्या २०२२च्या नियमांत सांगितलंय. एक, या कर्मचाऱ्याला अर्धवेळ शिकायची परवानगी आहे. दोन, त्याचं काम असं आहे की त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळू शकतो. तीन, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल.

मी हा मजकूर टाइप करून एचआरला पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग मॅनेजरने बोलावून विचारलं, "सोडून चाललायस का?" नाही म्हटलं. "मग कशाला हे?" शेवटी सही झाली. दुसरा मुद्दा वाचून तो हसला, मीही हसलो. त्या आठवड्यात रिलीज होतं आणि रात्रीचे अकरा वाजले तरी आम्ही दोघंही हिंजवडीतच होतो.

'कशाला' याचं उत्तर खरं तर त्याच ऑफिसातलं होतं. आमच्या ॲपमध्ये मराठीतून मदत शोधायची सोय करायची होती. मी 'खातं' असं टाकलं की उत्तर यायचं. 'खात्यातून' टाकलं की काहीच नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी तो स्वतःच बदलतो. 'खातं'चं 'खात्या' होतं, 'पाणी'चं 'पाण्या' होतं आणि मग पुढे 'त', 'तून', 'वरच्यांनासुद्धा' अशी शेपूट वाढत जाते. शाळेत सामान्यरूप म्हणून दोन मार्कांना असायचं तेच हे. मी चार दिवस त्यात अडकलो. मॅनेजर म्हणाला, प्रायॉरिटी नाही, सोड. तिकीट बंद झालं, डोक्यातलं झालं नाही.

चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर त्याच नियमांनुसार थेट पीएचडीला अर्ज करता येतो. मला ७८ होते. २०२३मध्ये प्रवेश मिळाला. विषय: मराठी शब्दाच्या कुठल्याही रूपावरून त्याचा मूळ शब्द शोधून देणारा प्रोग्राम.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "पगार वाढंल का त्यानं?" बाबा कराडच्या आसपास लग्नकार्यात स्वयंपाकाची कामं घेतात. पानं किती, त्यावर हिशोब. म्हटलं, फारसा नाही वाढणार. "बरं," म्हणाले, "जेवायच्या वेळा सांभाळ."

सुरुवातीला मी वेळेचं गणित मांडलं होतं. रात्री दहा ते एक, आठवड्यातून पाच दिवस. शनिवारी सकाळी गाईड मॅडमना भेटायचं. महिन्याचे साठ-सत्तर तास झाले की! वर कमाल सहा वर्षं आहेत, दोन वर्षं मुदतवाढही मिळू शकते. कागदावर सगळं बसत होतं.

प्रत्यक्षात दहाला लॅपटॉप उघडला की पहिला तास मागच्या वेळी कुठे होतो हे आठवण्यातच जायचा. दुसऱ्या तासात जरा लय लागली की ऑफिसच्या चॅटवर कोणीतरी 'अर्जंट आहे' म्हणायचं. आणि मी ते आधी करायचो. दर वेळी. याला मी आळस समजायचो, मग वेळेचं नियोजन चुकतंय असं समजायचो. दोन वर्षांनी लक्षात आलं की कारण वेगळंच आहे. ऑफिसच्या कामाची कोणीतरी वाट बघत असतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो, रोज सकाळी 'काल काय केलं' विचारणारे सात जण असतात. माझ्या पीएचडीची वाट कोणीच बघत नव्हतं. मी ती उद्या केली नाही तर जगात कोणाचं काही अडणार नव्हतं. समिती सहा महिन्यांतून एकदा बसते. मधल्या काळात ओरडणाऱ्या कामापुढे गप्प बसलेलं काम रोज हरतं.

याची किंमत मला चौथ्या सहामाहीच्या बैठकीत कळली.

चाचणीसाठी मी दोनशे वाक्यं स्वतः लिहिली होती. त्यातलं एक बाबांच्या कामावरून सुचलेलं: 'आचाऱ्यांनी भात उतरवला.' समितीतल्या एका सरांनी प्रिंटआउटवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आचार्य भात उतरवतायत?"

प्रोग्रामने मूळ शब्द दिला होता 'आचार्य'. आधी वाटलं, एखादी चूक असेल. मग सरांनी वरचं वाक्य वाचून दाखवलं. तिथे छापलेलं होतं 'आचार्यांनी भात उतरवला'. म्हणजे प्रोग्राम बरोबर होता. त्याच्यापर्यंत पोहोचलेलं वाक्यच बदललेलं होतं.

त्या रात्री शोधलं. 'आचाऱ्यांनी'मधला ऱ हे मराठीचं खास अक्षर. युनिकोडमध्ये त्याचे दोन भाग करता येतात, र आणि खाली नुक्ता. मी डेटा साफ करायचा कोड पहिल्या वर्षी हिंदीसाठीच्या एका प्रोजेक्टमधून उचलला होता. हिंदीत कोणी नुक्ता देतं, कोणी देत नाही, म्हणून तो कोड अक्षरं सुटी करून नुक्ते सरसकट काढून टाकायचा. एक ओळ. त्या एका ओळीने माझ्या सगळ्या डेटातले आचारी आचार्य झाले होते, डोंगरातल्या दऱ्या समुद्र होऊन 'दर्या' झाल्या होत्या, शेतकऱ्यांचे 'शेतकर्यांचे' झाले होते.

हे 'शेतकर्यांचे' मी अनेकदा पाहिलं होतं. दर वेळी वाटलं, नेटवर लोक असंच टाइप करतात. करतातही. रात्री साडेबाराला तेवढं कारण पुरतं. ऑफिसात तीच ओळ कोणाच्या तरी रिव्ह्यूत पकडली गेली असती. इथे लिहिणारा मी आणि तपासणाराही मीच, दोघंही दमलेले.

दीड वर्षाचे सगळे आकडे बाद झाले. पाठवायला तयार असलेला पेपर मॅडमना सांगून थांबवला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "सोडायचं असेल तर आत्ता सोड. पण दमलोय म्हणून सोडतोयस की कंटाळलोय म्हणून, ते आधी बघ."

मी बघितलं. कंटाळलो नव्हतो. ती ओळ सापडली तेव्हा, लाज वाटत असतानाही, मी खुर्चीत ताठ बसलो होतो. वर्षभरात ऑफिसातल्या कुठल्याच बगने मला तसं बसवलं नव्हतं.

त्याच महिन्यात टीम लीड होण्याबद्दल विचारणा झाली. मी मॅनेजरकडे ना-हरकत प्रमाणपत्राची कॉपी घेऊन गेलो आणि दुसरा मुद्दा दाखवला. यावेळी दोघांपैकी कोणीच हसलं नाही. लीडचं पद दुसऱ्याला गेलं, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्याला. पगारातला फरक मी मोजलाय, इथे लिहीत नाही. बदल्यात रात्रीच्या ऑन-कॉलमधून माझं नाव निघालं आणि शुक्रवारी दुपारनंतर मला मीटिंग नाहीत. हे फार मोठं यश वगैरे नाही. बॅचचे मित्र फ्लॅट बुक करतायत आणि मी शुक्रवारची दुपार विकत घेतलीय.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. नुक्ता वगैरे सोडून. तुमच्या कामाचं नावच माझ्या कोडने पुसलं होतं म्हणालो. त्यांना आधी कळलं नाही, मग खूप हसले. म्हणाले, "आचार्यांस्नी जमतोय व्हय भात?" आणि मग विचारलं, "परत करायला लागंल का सगळं?" म्हटलं, हो. "आमचाबी लागतो कधीकधी. पंगत बसायच्या आत ध्यानात आलं म्हंजी बरं."

आता दर शुक्रवारी दुपारी आधी एक काम करतो. प्रोग्राम चालवायच्या आधी डेटातली कुठलीही वीस वाक्यं काढतो आणि मोठ्याने वाचतो. नंतर तीच वाक्यं प्रोग्रामला देतो. आज आचारी आचारीच राहिला. वीसपैकी सहा ठिकाणी मात्र मूळ शब्द चुकला. सहाही वहीत लिहून ठेवलेत.