जेवणाच्या टेबलावरची आगगाडी

"अहो, आणि आता जेवायचं कुठं?" टेबलावर आडवी टाकलेली प्लायवूडची फळी पाहून मी विचारलं.

"मांडीवर ताट घेऊन!"

पक्षाघातानंतर चार महिन्यांत ह्यांच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत मोठं वाक्य. मी भांडले नाही.

आमचं बिऱ्हाड इंग्लंडात, मिडल्सबरोला. इथून दक्षिणेला यॉर्कशायरचे उजाड माळ आहेत. तिथल्या रोझडेल खोऱ्यात लोखंडाच्या खाणी होत्या. त्यांच्यासाठी १८६१ साली रेल्वे सुरू झाली नि १९२९ मध्ये बंद पडली. रूळ गेले, आता त्या वाटेनं माणसं फिरायला जातात. लग्नानंतर आम्हीही गेलो होतो. तीच गाडी ह्यांना छोटीशी करायची होती.

मला कौतुक वाटलं ते तिथल्या भट्ट्यांचं. दगड पाठवण्याआधी भाजून घेत. पाणी आणि वायू निघून गेले की वजन कमी, भाडंही कमी. आपल्या वाळवणाचाच हिशेब की!

खरी अडचण इंगल्बीच्या उताराची. लांबी सुमारे १३०० मीटर, नि काही ठिकाणी पाच फुटांना एक फूट चढ. तिथं इंजिनाचं काम नाही. दोराला बांधलेले भरलेले डबे खाली उतरताना रिकाम्या डब्यांना वर ओढीत. ७६ पट लहान केला तरी तो उतार १७ मीटर भरतो! आम्ही दीड मीटरवर भागवलं, उंची ३० सेंटिमीटर.

माळ माझ्याकडे आला. माती म्हणून चहाचा वाळवलेला चोथा आणि ऑगस्टात फुलणाऱ्या हेदरसाठी जांभळ्या लोकरीचे बारीक तुकडे. दोर म्हणजे माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा. तो कप्पीतून ओवायला मी पुढं झाले, तर ह्यांनी माझा हात बाजूला सारला.

"थांब. मी."

उजव्या हाताची बोटं थरथरत होती. दोरा चारदा निसटला. मला बघवेना, मी पोळ्या लाटायला निघून गेले. थोड्या वेळानं हाक आली, "अगं, ये लवकर!"

वाळूनं भरलेले डबे हळूहळू खाली सरकत होते आणि रिकामे वर येत होते.

शर्टाची बटणं अजून मीच लावते. पण मैत्रिणींनो, गेले सहा महिने आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो आहोत, आणि टेबल मोकळं करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.