क्रियापदाला विचारा

'काम करणारा तो सब्जेक्ट, बाकीचं सगळं प्रेडिकेट.' जबलपूरच्या शाळांतून मुलं एवढं पाठ करून येतात आणि राइट टाउनमधल्या माझ्या घरी शिकवणीला बसली की पहिल्याच सरावात अडखळतात. दोष मुलांचा नाही. व्याख्याच अपुरी आहे आणि मराठी घरातल्या मुलाला ती हमखास फसवते.

सातवीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. तिला वाक्य दिलं, 'द बोट वॉज पेंटेड बाय ॲन ओल्ड मॅन.' तिने 'ओल्ड मॅन'खाली ठळक रेघ मारली. नाव रंगवली म्हाताऱ्याने, मग सब्जेक्ट दुसरा कोण असणार?

तिच्या जागी बसून पाहिलं तर हे उत्तर अगदी स्वाभाविक होतं. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने कैरी खाल्ली': खाणारा मुलगाच, पण क्रियापद आंब्याच्या आणि कैरीच्या मागे जातं. हिंदीतही 'ने' आला की तेच. म्हणजे कर्ता शोधताना क्रियापदाच्या रूपावर विसंबू नये, हे दोन्ही भाषांनी तिच्या अंगवळणी पाडलेलं. इंग्रजीत मात्र क्रियापद सब्जेक्टशीच इमान राखतं.

ज्याच्याविषयी काही सांगायचं ते उद्देश्य आणि जे सांगायचं ते विधेय, ही सब्जेक्ट-प्रेडिकेटचीच विभागणी हिंदीत घट्ट रुजवणारे कामताप्रसाद गुरू याच जबलपूरचे. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० साली त्यांचं 'हिंदी व्याकरण' प्रसिद्ध केलं. त्याची मांडणी करताना त्यांनी मोरो केशव दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा आधार घेतला होता. त्या मुलीच्या हिंदीच्या तासाला येणाऱ्या वाक्यपृथक्करणामागे असा एक मराठी ग्रंथ उभा आहे, हे इथल्या मराठी घरांत फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला ते मुलांना सांगायला फार आवडतं.

इंग्रजीसाठी मी पाठ केलेली व्याख्या बाजूला ठेवते आणि आधी क्रियापद शोधायला लावते. मग वाक्याचा प्रश्न करायचा. 'द रो ऑफ बोट्स ॲट ग्वारीघाट इज लाँग.' शेजारी 'बोट्स' दिसतात म्हणून निम्मी मुलं इथे 'आर' लिहितात. पण प्रश्न करा: 'इज द रो ऑफ बोट्स ॲट ग्वारीघाट लाँग?' 'इज' सहा शब्द ओलांडून पुढे आला. जेवढं ओलांडलं तेवढा सगळा सब्जेक्ट, आणि त्याचा मुख्य शब्द 'रो', एकवचनी. सहायक क्रियापद नसेल तर 'डू', 'डज', 'डिड' मदतीला येतात. 'द नर्मदा फ्लोज वेस्ट'चा प्रश्न 'डज द नर्मदा फ्लो वेस्ट?' होतो, 'डज'च्या लगेच मागे बसली ती 'द नर्मदा'. नाव आणि म्हातारा हा घोळही मग मिटला: 'वॉज द बोट पेंटेड बाय ॲन ओल्ड मॅन?'

'गेट डाउन'सारख्या आज्ञेचा असा प्रश्न होत नाही; पण तिथे न उच्चारलेला 'यू' असतो, हे मुलं चटकन स्वीकारतात.

कसोटी हाती आल्यावर ती मुलगी दिसेल ते वाक्य उलटवून पाहू लागली. एके दिवशी वही पुढे सरकवत म्हणाली, "काकू, हे बघा ना. 'देअर आर थ्री बोट्स'चा प्रश्न केला तर 'आर'ने 'देअर'ला ओलांडलं. पण शाळेत तर बाईंनी 'थ्री बोट्स' सब्जेक्ट सांगितला!"

प्रश्न बिनतोड होता. नाव एकच असती तर 'इज' आलं असतं, म्हणून शाळेचं व्याकरण 'बोट्स'ना सब्जेक्ट मानतं. प्रश्नात ओलांडला जातो तो 'देअर', म्हणून आजचे बरेच व्याकरणकार सब्जेक्टची जागा त्याला देतात. मी तिला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या आणि म्हटलं, "पेपरात 'थ्री बोट्स' लिही, पण तुला दिसलं तेही खरं आहे."

तिने वहीत दोन्ही उत्तरं लिहिली. मग खाली 'इट इज रेनिंग' लिहिलं आणि त्याचा प्रश्न करायला घेतला. मराठीत पाऊस पडतो. इथे पाऊस क्रियापदातच शिरला होता आणि सब्जेक्टच्या जागी बसला होता काहीच न करणारा 'इट'.