वरल्या आळीची आक्का

अमेरिकेतल्या मॅडिसनच्या आमच्या घरात भिंतीवर दोन दिनदर्शिका असतात. एक कालनिर्णय, ती पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून दरवर्षी येते. दुसरी इथलीच. पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून परदेशात काम करून परतलेली इथली मंडळी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ती काढत आली आहेत. पानोपानी लांबलांबच्या गावांची छायाचित्रं, चौकटींत देशोदेशीचे सण, आणि विक्रीचा पैसा पुन्हा तसल्याच गावांतल्या कामांना. ही दुसरी दिनदर्शिका मी पहिल्यांदा विकत घेतली तेव्हा टेबलामागच्या आजोबांनी पावतीवरचं माझं आडनाव वाचलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "कुन्या गावच्या म्हनायच्या तुम्ही?"

बाहेर मेंडोटा तलाव काठापर्यंत गोठलेला होता. मला काही क्षण उत्तरच सुचलं नाही.

१९६६ ते ६८ अशी दोन वर्षं ते पाटण तालुक्यातल्या एका गावात राहिले होते. काम कोंबडीपालनाचं. व्हाइट लेगहॉर्नची पिलं, मानमोडीच्या लशी, खुराड्याला जाळी कशी ठोकायची ते. मराठी गावानंच शिकवली आणि ती त्यांच्याजवळ जशीच्या तशी राहिली. त्या मराठीत १९६८ नंतरचा एकही शब्द नाही. तिच्यात अजून कंदिलाची काच पुसतात, जात्यावर दळतात. माझ्या आजीबरोबर गेलेले किती तरी शब्द मला विस्कॉन्सिनच्या थंडीत पुन्हा भेटले.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तिथंच होते. गावाबरोबर खळ्यात बसून त्यांनी उजाडायची वाट पाहिली. हे त्यांनी मला सांगितलं आणि मी विचारलं, "मग?" ते थांबले. म्हणाले, परत आल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी विचारला होता, दुसरा कुणी विचारला नाही. तिकडं ऊन फार का, खायला काय मिळायचं. एवढं झालं की बोलणं व्हिएतनामवर जायचं. घरोघरची मुलं युद्धावर निघाली होती. खळ्यातली ती रात्र कुणाला सांगणार?

परतलेल्यांची संघटना कशासाठी असते, हे मला या एका 'मग?'पाशी कळलं. लोक समजतात, जुने फोटो बघायला नि जेवायला जमतात. जमतातही. पण तिथं दुसरा प्रश्न विचारणारं माणूस भेटतं, हे खरं कारण. नायजेरियातून आलेली बाई पाटणचं खळं समजून घेते, कारण तिच्याही मनात तसंच एक अंगण असतं. माहेरवाशिणी नदीवर भेटाव्यात, गावं वेगवेगळी असली तरी उमाळा एकच असावा, तसं.

१ मार्च १९६१ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पीस कोअर सुरू केलं, तेव्हा तिची तीन उद्दिष्टं ठरली. तिसरं असं, की त्या देशांची ओळख अमेरिकेतल्या लोकांना करून द्यायची. म्हणजे परत येणं हाही कामाचाच भाग. पण हे काम एकट्यानं होत नाही. परतलेल्यांची देशभरची संघटना उभी राहायला १९७९ उजाडलं, तोवर पहिल्या तुकड्या परतून पंधरा वर्षं उलटली होती. संघटना बांधायची तर परतल्याच्या पहिल्या वर्षात माणसाला हात द्यायला हवा, असं मला आता मनापासून वाटतं. गप्प बसायची सवय लागली की माणूस सापडत नाही. आपण आता कुठं राहतो आणि तेव्हा कुठं गेलो होतो, या उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांनी ही मंडळी एकमेकांना विणून घेतात. मॅडिसनचा गट आडवा. भारतात जाऊन आलेल्यांचा उभा.

हा उभा धागा मात्र संपत चालला आहे. पीस कोअर १९७६मध्ये भारतातून निघालं. चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले, त्यांत विक्रोळीला परिचारिकेचं काम करणाऱ्या लिलियन कार्टरही होत्या. अडुसष्टाव्या वर्षी त्या आल्या. मुलगा पुढं राष्ट्राध्यक्ष झाला आणि आईनं घरी धाडलेल्या पत्रांचं पुस्तक निघालं. बाकीच्यांची पत्रं माळ्यावर आहेत. या संघात नवी तुकडी कधीच येणार नाही. सर्वांत धाकटा सभासदही आता सत्तरी ओलांडलेला.

त्यांच्यातल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं सगळ्यांची कार्डं बुटांच्या खोक्यात जपली. नाव, तुकडी, गाव, आत्ताचा पत्ता. माणूस गेलं तर कार्ड काढायचं नाही, मागच्या कप्प्यात सरकवायचं. बाईंची नजर अधू झाल्यावर ते खोकं माझ्याकडं आलं, संगणकावर उतरवायला. मागचा कप्पा पुढच्यापेक्षा जाड झाला आहे. मराठी मुलखातली गावं इंग्रजीत अशी लिहिलेली, की उच्चारून पाहिल्याशिवाय पत्ता लागत नाही. मी रात्री स्वयंपाकघरात बसून ती मोठ्यानं वाचते.

एका रात्री लक्षात आलं, की सगळ्या कार्डांची मागची बाजू कोरी आहे. ज्यांनी यांना पडवी दिली, जे तापात उशाशी बसले, ज्यांनी 'पाणी' म्हणायला शिकवलं, त्यांची नावं कुठंच नाहीत. तीही याच संघाची माणसं. म्हणून आता मी एकेकाला फोन करून विचारते: तुमच्या कार्डाच्या पाठीवर कोण?

आजोबांकडं मी स्वतः गेले. त्यांनी हाताची बोटं मोजत सांगितलं: शाळेचे गुरुजी, टपालवाला, खुराडी ठोकून देणारा सुतार. मग बराच वेळ गप्प. "आनि आक्का. भूकंपाच्या राती तिनं मला आपली वाकळ दिली. ती तशीच बसली."

मी विचारलं, आक्कांचं नाव काय, आडनाव?

ते खिडकीकडं बघत राहिले. अठ्ठावन्न वर्षं ते जपून ठेवलेलं माणूस, आणि नाव कधी विचारलंच नव्हतं. आक्काला नावानं कोण हाक मारतं?

"लिवा," ते म्हणाले, "वरल्या आळीची आक्का."