हुडकेश्वराहून एक अर्ज

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरास आमचे बिऱ्हाड. कन्या मात्र विलायतेत, लेस्टरास. विवाहाच्या आधारे मिळालेल्या तिच्या व्हिसाची ३३ महिन्यांची मुदत सरत आली. पुढील ३० महिन्यांसाठीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच करावा लागतो. उत्पन्नाचे दाखले जमले, इंग्रजीची परीक्षाही झाली. अडले ते सहवासाच्या पुराव्यापाशी. विजेची, पाण्याची सारी बिले जावयांच्याच नावे! त्याच पत्त्यावर पत्नीच्या नावे आलेले टपालही तेथे दाखवावे लागते. अखेर तिची बँकेची व दवाखान्याची पत्रे कामी आली.

आमच्या घरीही चाळीस वर्षे सारे कागद आमच्याच नावे आहेत. सप्तपदीस अग्नी साक्षीस असला, तरी कागदावर सहधर्मचारिणीचेही नाव असावे, हे आम्ही फार उशिरा शिकलो. वाचकांनी आपले कागद आजच पाहावेत.