नागभीडच्या वाटेवरची पाने-पक्कड

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी नागभीड हे तालुक्याचे गाव आहे. गोंदिया-बल्लारशाह लोहमार्गावरचे हे जंक्शन. नागपूरच्या इतवारी स्थानकाहून निघणारी छोटी गाडी येथे येऊन थांबत असे. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती २०१९ साली बंद झाली. रस्त्यांचेही हे जंक्शनच म्हणावे लागेल. एक वाट भिवापूर-उमरेडवरून नागपूरला जाते, दुसरी ब्रह्मपुरी-आरमोरीवरून गडचिरोलीकडे, तिसरी तळोधी-सिंदेवाहीवरून मूल आणि चंद्रपूरकडे. मोठा माल ट्रक-टेम्पोने येतो-जातो. परंतु खेड्यातील दुकानदाराची मागणी टिपून घेणे, धानाचा नमुना पाहणे आणि उधारी वसूल करणे ही कामे आजही दुचाकीवरूनच होतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या दुकानांचा निम्मा व्यवहार अशाच फेऱ्यांवर उभा असतो.

हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि वाघांचा आहे. तळोधीजवळच्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या धानाला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव मिळाले, हे तांदळाच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. नागभीडजवळ ब्रिटिश अमदानीत बांधलेला घोडाझरीचा तलाव आहे. त्याच्या भोवतालचे जंगल २०१८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. नैर्ऋत्येस ताडोबा आणि चहूकडे ब्रह्मपुरी वनविभागाचे जंगल. येथे वाघ अभयारण्याच्या सीमेत राहत नाही; तो शेताच्या बांधावरून आणि डांबरी रस्त्यावरूनही जातो. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना, गुरे राखताना येथे माणसे गेली आहेत. जाणकार सांगतात की वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही.

दुचाकीबरोबर कोणती अवजारे ठेवावीत, हा प्रश्न पुण्या-मुंबईत सोयीचा असतो. तेथे बिघाड झाला तर चार दुकानांपलीकडे मिस्त्री सापडतो. येथे दोन गावांमधील जंगलाच्या पट्ट्यात मागचे चाक बसले, तर ते काढण्यासाठी माणसाला रस्त्याच्या कडेला वाकून, पाठ झाडीकडे करून, अर्धा-पाऊण तास बसावे लागते. म्हणून या भागासाठी पिशवी भरताना मी एकच कसोटी लावतो. या वस्तूमुळे खाली बसण्याचा वेळ किती कमी होईल? गाडीची पूर्ण दुरुस्ती पुढच्या गावात होईल. आपल्याला फक्त तेथवर पोहोचायचे असते.

ही कसोटी लावली की पहिला निर्णय पिशवीचा राहत नाही, तो चाकाचा होतो. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. ती पंक्चर झाली की चाक उतरवणे, टायर सोडवणे, ट्यूब काढणे हे सारे आलेच. ॲलॉय चाकात ट्यूबलेस टायर असेल तर चाक जागेवरच ठेवून खिळा उपटावा, भोकात काततार फिरवावी, रबराची पट्टी सुईने आत सारावी आणि हवा भरावी. सराव असलेल्याला दहा मिनिटे पुरतात. नवी गाडी घेताना घरात रंगावर जितकी चर्चा होते, तितकी या एका गोष्टीवर झाली तर बरे.

ज्यांच्याकडे ट्यूबची गाडी आहे त्यांनी पंक्चरचे ठिगळ लावण्याचा विचार जंगलात करू नये. तयार नवी ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप एवढे घ्यावे. ठिगळ घरी येऊन लावता येते. पुढच्या आणि मागच्या चाकाचे माप वेगळे असेल तर पुढच्या चाकाची ट्यूब घ्यावी. अडचणीला ती मागच्या चाकातही घर गाठण्यापुरती चालते, उलट मात्र जमत नाही. नवी ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवून काटा चाचपावा. बाभळीचा काटा किंवा बैलाच्या नालेचा खिळा आतच राहिला, तर दुसरी ट्यूबही पहिल्याच्या मागे जाते.

पंपाबाबत माझे मत ठाम आहे: पायाने दाबायचा घ्यावा. हातपंप लहान आणि हलका असतो, पण तो मारताना मान खाली जाते. पायपंपाला उभे राहता येते, नजर झाडीवर ठेवता येते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप असेल तर उत्तमच, फक्त निघण्याआधी तो चार्ज केलेला असावा.

बाकीची यादी गाडीप्रमाणे ठरते. कंपनीच्या किटमधील पाने बऱ्याचदा मऊ लोखंडाचे असतात आणि घट्ट नटावर त्यांचे तोंड फाकते. आपल्या गाडीच्या दोन्ही आसांचे नट कोणत्या मापाचे आहेत ते घरीच पाहून तेवढेच चांगले रिंग पाने घ्यावेत; पाने-संच उचलून आणण्यात अर्थ नाही. प्लगपाना, पक्कड, दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, थोडी बारीक तार, इन्सुलेशन टेप. चेनचे एक जादा लॉक सोबत असावे आणि त्याच्या क्लिपचे बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला राहील असे बसवावे. क्लच वायर तुटली की गाडी ढकलावी लागते. जुन्या वायरीच्या शेजारूनच नवी वायर ओवून टेपने बांधून ठेवण्याची मिस्त्री लोकांची युक्ती फार कामाची. मग फक्त दोन टोके जोडायची राहतात.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांनी यादी थोडी बदलली आहे. त्यांत बहुधा कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे जेट साफ करण्याची तार निरुपयोगी ठरली. त्याऐवजी बॅटरीचे टर्मिनल ढिले झाले किंवा फ्यूज उडाला तर गाडी मुकी होते, आणि काहींना किकही नसते. फ्यूजच्या डबीवर लिहिलेल्या ॲम्पिअरचे दोन फ्यूज कागदात गुंडाळून ठेवावेत.

पावसाळ्यात चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी शेतातला गाळ डांबरावर आणून टाकतात. तेव्हा चेनला तेल आणि ब्रेककडे लक्ष हवे. मात्र खरा कठीण काळ धान निघाल्यानंतरचा. शेतकऱ्याच्या हाती पैसा तेव्हाच येतो, वसुलीच्या फेऱ्या तेव्हाच वाढतात, आणि नोव्हेंबरअखेर या भागात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम आहे, तेथील माणसे निदान घड्याळ पाहून परततात. इतरांनीही शेवटचे गाव चार वाजता सोडावे. डोक्याला बांधायची बॅटरी पिशवीत असलीच पाहिजे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दोघे असाल तर एकाने काम करावे, दुसऱ्याने उभे राहून पाहावे आणि बोलत राहावे.

आणि सायंकाळी, दाट झाडीत, ट्यूब बसली तर? तेथे पाना काढूच नये. रिकाम्या टायरवर माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये, उजेड दिसेपर्यंत गाडी न्यावी. ट्यूब फाटेल, टायर जाईल, कदाचित रिमही वाकेल. आपण व्यापारी माणसे, नुकसानीचा आकडा मनात लगेच मांडतो. तो मांडावा, पण गावात पोहोचल्यावर.

सारी अवजारे पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून बांधावीत. तोच तुकडा खाली अंथरला की नट मातीत हरवत नाहीत. गुंडाळी सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत बसावी, पाठीवरच्या पिशवीत नको, कारण ती पिशवी दुकानात विसरते. रबर सोल्यूशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते. दिवाळीला वहीपूजनाचे सामान आणाल, तेव्हा तीही नवी आणावी.