शुक्रवार पेठेतली काठी

रात्री मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सोलापूर! कडक भाकरी, शेंगाचटणी, चादरींची खरेदी, संध्याकाळी सिद्धेश्वर तलाव. सोलापूर वीकेंडचा फंडा साधारण असा. माझा शनिवार मात्र शुक्रवार पेठेतल्या एका माडीवर गेला. तोही एका काठीपायी.

माडीवर फायनल इयरची चार पोरं. समोर चार चाकांचं गाडं, त्यावर बिजागरीला उभी काठी. काठी कलली की सेन्सर कोन मोजतो, कंट्रोलर मोटरला सांगतो आणि गाडं त्याच बाजूला धावून काठीला सावरतं. आपण तळहातावर झाडू उभा धरतो ना, सेम तस्सं! कल्पना गड्ड्याच्या यात्रेवरून सुचलेली. जानेवारीत सिद्धरामेश्वरांचे सात उंच नंदीध्वज तोलत निघतात, ते बघतच ही पोरं मोठी झाली.

खेळणं म्हणून हसू नका. २००८ साली बालेवाडीतल्या एबीयू रोबोकॉनमध्ये देशोदेशीचे रोबो चक्क दहीहंडीच्या थीमवर भिडले होते. २०१४ ला तिथेच रोबोंना सी-सॉ आणि झोका खेळायचा होता!

इथं मात्र सगळ्यांचे चेहरे पडलेले. सबमिशन सोमवारी आणि काठी तीन सेकंदांत आडवी. सोपं जावं म्हणून कापून कापून ती वीतभर उरलेली.

तेवढ्यात घरमालक मामा चहा घेऊन आले. आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं. म्हणाले, "कापता कशाला बे? लांब लावा. वर वजन बांधा."

"मामा, मग अजून लवकर पडेल की!"

"यात्रेत बघता काय मग? उंच काठी सावकाश कलते. सावरायला सवड देते."

पोरांनी कागदावर गणित मांडलं. मामा बरोबर! चौपट लांब काठीला पडायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे मोटरलाही दुप्पट सवड. काठी बदलली, टोकाला नट बांधला. कोडमधले आकडे पुन्हा जुळवण्यात दोन तास गेले. मग गाडं थरथरलं, पुढे गेलं, मागे आलं... मामा मोठ्यानं मोजत होते. चाळीसला थांबले. काठी उभीच.

सोमवारी ऑफिसात मेसेज आला : 'सबमिशन झालं. गाडं मामांनी नातवासाठी ठेवून घेतलं.'